हौसाआक्कांच्या आठ वाट्या

हौसाआक्कांच्या खानावळीत नव्या माणसाला पहिल्या दिवशी अळणी आमटी मिळत असे. चुकून नव्हे, मुद्दाम. पातेल्यात मीठ घालण्याआधी त्या वाटीभर आमटी बाजूला काढून ठेवत, ती नव्याच्या ताटात वाढत आणि चुलीकडे तोंड करून, कान मात्र पंगतीकडे ठेवून बसत. कोण ओरडतो, कोण मुकाट गिळतो, कोण मीठ मागतो, एवढ्यावरून त्या माणूस ओळखत. एकदा ओळखला की मग त्यांच्या मनातला तो माणूस सहसा बदलत नसे.

मी लोणावळ्याला रेल्वेत पार्सल बाबू म्हणून आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. घर तळेगावला, शिक्षण मॅट्रिक, आणि स्वभाव असा की पंचांगातली चूकसुद्धा छापखान्याला पत्र लिहून कळवावी. पहिल्याच दिवशी ती आमटी तोंडाला लागली आणि मी भाषण दिलं. महिन्याचे पैसे आगाऊ घेतल्यावर आमटीत मीठ घालण्याची जबाबदारी कोणाची, असा माझा मुद्दा होता. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग मिठाचं सट आणून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "बाबू, तुमचं बोलनं लय चवदार हाय. आता आमटीबी व्हईल." त्या दिवसापासून मी त्यांचा कायदेबाबू झालो आणि लोणावळा सुटेपर्यंत तोच राहिलो.

माझ्याशेजारी बसणारे रघुनाथराव गार्ड यांनी आपल्या पहिल्या दिवशी काहीच न बोलता उठून स्वयंपाकघरात जाऊन मीठ घेतलं होतं. आक्कांनी त्यांना घरचा माणूस ठरवलं. आणि नामदेव नावाचा एक तरुण सांधेवाला होता, गाड्यांचे रूळ बदलणारा, तिकोना पेठेकडचा, त्याने सगळी आमटी खाऊन वर पुन्हा मागितली. आक्कांनी विचारलं, "मीठ न्हवतं, कळलं न्हाई व्हय रं तुला?" तो म्हणाला, "कळलं की. पन तुमी सकाळधरनं चुलीम्होरं हाय. येका दिशी मीठ इसरलं तर काय बिगडलं?" आक्का आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. दुसरी वाढ रघुनाथरावांनीच केली. आक्कांना मूलबाळ नव्हतं. त्या याबद्दल कधी बोलत नसत आणि आम्हीही विचारत नसू.

उंच, सडसडीत बाई. बोटांची टोकं भाकऱ्या थापून आणि तव्यावर उलटून इतकी राठ झालेली की निखारा चिमटीत धरून चुलीत परत टाकत. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कोणाचं काय पथ्य, कोणाची कामाची कोणती पाळी, कोणाची बायको बाळंतपणाला गेली आहे, हे सगळं डोक्यात पक्कं. त्यांना कशालाही लगेच नाही म्हणता येत नसे आणि लगेच होय म्हणायचीही त्यांना भीती वाटे. काहीही विचारलं की त्या म्हणत, "सांजच्याला इचारा." संध्याकाळी विचारायला जावं तर तोवर ते काम करून मोकळ्या झालेल्या असत.

आता वाट्यांची गोष्ट.

चैत्र लागला की मावळात गावोगावच्या जत्रा सुरू होतात, आणि जत्रा म्हटली की दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा. पोरांच्या नारळावरच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते आणि उन्हं कलताना शेवटची मोठी कुस्ती लागते. तिची जोड आठ दिवस आधी छापील कागदावर जाहीर होत असे. तो कागद स्टेशनच्या भिंतीवर लागला की आमच्या खानावळीत जेवण बाजूला राही. कोण कोणाला चीत करणार यावर वाद, वादावर पैजा, आणि पैजांवर भांडणं. एका चैत्रात एका फायरमनने दुसऱ्याच्या ताटाला लाथ मारली. भरल्या ताटाला. सांडलेलं आक्कांनी स्वतः गोळा केलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्हा रोजच्या आठ जणांना सांगितलं की यापुढे पैज लावायची ती त्यांच्या फळीवर लावायची, नाहीतर जेवायला दुसरीकडे जायचं.

त्यांची रीत अशी होती. पैसा चालणार नाही. "पैशाचा डाव माज्या घरात न्हाई," म्हणाल्या. प्रत्येकाने चैत्राच्या सुरुवातीला एक पायली तांदूळ आणून द्यायचा, कामशेतच्या बाजारातला, आंबेमोहोर. तो एका मडक्यात जाईल. फळीवर आठ जणांच्या आठ पितळी वाट्या. कागदावर ज्याचं नाव आधी छापलंय तो जिंकणार असं वाटत असेल तर आपल्या वाटीत तांदळाचा दाणा टाकायचा, ज्याचं नंतर छापलंय तो वाटत असेल तर तुरीची डाळ. एकेकाने जाऊन, पाठ करून, कोणाला न दाखवता. आक्का स्वतःही पाहत नसत. टाकून झालं की वाटीवर ताटली झाकायची. हगामा झाला की त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर आक्का ताटल्या काढणार. ज्याचा दाणा चुकला त्याची वाटी पालथी. ज्याचा बरोबर त्याची सुलटी, तो पुढच्या जत्रेला खेळणार. पाच जत्रा, पाच हगामे. शेवटी ज्यांच्या वाट्या सुलट्या उरतील त्यांनी मडक्यातला तांदूळ सारखा वाटून घ्यायचा.

मी अर्थातच हे सगळं कागदावर उतरवलं. एकवीस कलमं झाली. हजेरी, उशीर, कुस्ती बरोबरीत सुटली तर काय, पाऊस आला तर काय. मोठ्या अभिमानाने आक्कांना वाचून दाखवलं. त्यांनी भाकरी थापता थापता ऐकलं आणि विचारलं, "आन शेवटच्याला उरल्याली समदी येकदमच चुकली तर तांदूळ कुनाचं?"

एकवीस कलमांत हे नव्हतं. मी म्हणालो, मग कोणाचेच नाहीत.

"आसं कसं? येकाच दिशी पडली ती आदल्या दिशी बराबरच हुबी हुती की. त्यांच्यातच वाटायचं. कुनाचीच पालथी करायची न्हाई."

मी बाविसावं कलम लिहिलं. ज्या बाईने जन्मात एकही कुस्ती पाहिली नव्हती, कारण बायका हगाम्याला जात नसत, तिने हे सांगितलं याचा मला थोडा राग आला होता, हे आज कबूल करतो.

वाटणीचं बाविसाव्या कलमापेक्षाही मोठं काम त्यांच्या स्वतःच्या हातात होतं. अर्ध्या पायलीच्या, म्हणजे अधोलीच्या मापाने सारखे वाटे घातले की बहुतेक वेळा मडक्याच्या तळाशी काहीतरी उरायचंच. तिघे उरले तर एक अधोली शिल्लक, पाच उरले तरी एक. माझं म्हणणं, ते शेराने, मग चिपट्याने मोजून तंतोतंत वाटावं. आक्का मोजत नसत. उरलेला तांदूळ त्या त्याच दिवशी शिजवायच्या आणि आठही जणांची पंगत बसायची. त्यात ज्यांच्या वाट्या पालथ्या पडल्या त्यांना आधी वाढायचं, जिंकलेल्यांना मागून. पहिल्या वर्षी मी तिसऱ्याच हगाम्यात बाद झालो होतो. वासाच्या त्या भातावर तूप वाढताना आक्का म्हणाल्या, "जेवा, कायदेबाबू. हारल्याव भूक जास्ती लागती."

त्यांची सचोटी किती होती ते एकदा चांगलंच कळलं. पुण्याच्या तालमीतला एक नामांकित पैलवान इंदुरीकडच्या हगाम्यासाठी आला होता आणि आदल्या दुपारी आमच्या खानावळीत जेवून गेला. पहाडासारखा गडी. आम्ही त्याच्या तोंडाकडे बघत बसलो आणि आठांपैकी सहा जणांनी त्याच्या नावचा दाणा टाकला. दुसऱ्या दिवशी तो चौथ्या मिनिटाला चीत झाला. संध्याकाळी आक्कांनी सहा वाट्या पालथ्या केल्या, त्यात माझी एक. करता करता त्या इतक्या शांत होत्या की मला संशय आला.

"आक्का, तुम्हाला आधी ठाऊक होतं?"

"व्हय."

"कसं?"

"तांब्या डाव्या हातानं उचलला त्यानं. उजवा खांदा दुकत हुता. म्या तेल गरम करून दिलं की चोळाया."

"मग आम्हाला सांगायचं नाही?"

त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मला वाटलं, काहीतरी घाणेरडं बोललो की काय. मग म्हणाल्या, "घरी जेवाया आल्याल्या मानसाचा खांदा म्या इकायचा व्हय?"

पुढे लढाई आली. साहेबांच्या देशात सुरू झालेली ती लढाई आधी आम्हाला वर्तमानपत्रातली वाटत होती. मग लष्कराच्या गाड्या घाटातून चढू लागल्या, तांदूळ दिसेनासा झाला, चार शेरांच्या पायलीच्या जागी आक्का एका शेरावर आल्या. नामदेवचं तोवर लग्न झालं होतं. बायको सगुणा, त्याच्याच बाजूच्या गावची, आक्कांच्या हाताखाली भाकऱ्या करायला लागली होती. दिवाळीनंतर नामदेव फौजेत भरती झाला. पगार बरा होता, आणि त्याच्या दोन धाकट्या भावांचं घर होतं मागे. आक्कांनी त्याला भरतीबद्दल काहीही म्हटलं नाही. तो निघाला त्या सकाळी त्यांनी त्याच्याबरोबर एवढ्या भाकऱ्या बांधल्या की रघुनाथराव म्हणाले, अख्खी पलटण जेवेल. त्या स्टेशनवर आल्या नाहीत.

चैत्र आला. कागद लागला. आम्ही एकेक शेर तांदूळ आणून दिला. सात जण होतो. सगुणा पदराखाली मोजून आणलेला शेर घेऊन आली आणि मला म्हणाली, "बाबू, त्यांची बी वाटी मांडा. मी टाकते त्यांच्या नावानं."

मी कलम काढून दाखवलं. तिसरं. खेळणाऱ्याने जातीने हजर राहून दाणा टाकावा. दुसऱ्याच्या वतीने चालणार नाही. मी हे अगदी मायेने सांगितलं असं मला तेव्हा वाटलं होतं. तिने आक्कांकडे पाहिलं. आक्का म्हणाल्या, "सांजच्याला इचारा." संध्याकाळी गेलो तर नामदेवची वाटी रांगेत होती, वर ताटली झाकलेली. मी तिसरं कलम खोडलं.

पहिल्या हगाम्यात तिचा दाणा बरोबर निघाला. दुसऱ्यातही. आमच्यात हशा पिकला. चार मुरलेले कुस्तीशौकीन पालथे पडले आणि जिने आखाडा पाहिला नाही ती सुलटी. कशी टाकतेस, असं रघुनाथरावांनी विचारलं, तर म्हणाली, "कागदावरची दोनी नावं वाचून घेते आन ते असते तर कुनाचं म्हनाले असते ते बगते." खरं तर तिला वाचता येत नव्हतं. नावं मीच वाचून दाखवत असे.

नामदेवची पत्रं माघापासून बंद होती. तिसऱ्या हगाम्यानंतर चार दिवसांनी फौजेकडून एक कागद आला. इंग्रजीत. सगुणा तो माझ्याकडे घेऊन आली, आक्का मागे उभ्या. पार्सल ऑफिसच्या खिडकीतून मी तो वाचला. मारला गेला असं त्यात नव्हतं. जखमी झाला असंही नव्हतं. मी आयुष्यभर शब्दांवर वाद घातले आहेत, पण त्या एका शब्दाला मराठीत काय म्हणावं हे मला सुचेना. शेवटी म्हणालो, "बेपत्ता."

आक्कांनी विचारलं, "म्हंजे गेला?"

"नाही. पत्ता लागत नाही, एवढंच."

"मग न्हाई गेला," आक्का म्हणाल्या, आणि सगुणेचा दंड धरून तिला घेऊन गेल्या. खानावळीत पोचल्यावर तिला हुंदका आला, आणि तिला कसं गप्प करावं हे न कळून आक्कांनी फळीकडे बोट दाखवलं. "ती बग. वाटी सुलटी हाय न्हवं त्याची? मग. जवर ती सुलटी हाय तवर त्यो हाय."

बोलायचं म्हणून बोलल्या. पण सगुणेने ते धरून ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे आली की आधी त्या फळीखाली जाऊन उभी राही. वाटी पुसे, ताटली पुसे, आणि मग चूल पेटवे. चौथ्या हगाम्याचा दाणा टाकताना तिच्या हातून ताटली खाली पडली. तो दाणाही बरोबर निघाला. त्या संध्याकाळी आम्ही तिघे उरलो: रघुनाथराव, मी आणि नामदेवची वाटी. कोणीही हसलं नाही. सगुणा आत जाऊन रडली, आनंदाने की कशाने ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आक्का आपण होऊन माझ्या खिडकीशी आल्या. एवढ्या वर्षांत त्या कधी आल्या नव्हत्या. म्हणाल्या, "बाबू, म्या काय बोलून बसले वो. आता पाचवा चुकला म्हंजे? खेळात कोन ना कोन चुकतंयच. वाटी पालथी झाली तर पोरगी जगायची न्हाई."

मी म्हणालो, खेळ थांबवू. पाचवा हगामा नकोच.

"थांबावला तर तिला वाटंल का थांबावला. त्येबी वंगाळच."

मला त्यावर कलम सुचेना. गाडीची घंटा झाली आणि आक्का गेल्या.

पाचवा हगामा कामशेतजवळच्या एका गावी. शेवटच्या जोडीत आधी छापलेलं नाव एका पुण्याच्या पैलवानाचं, दुसरं पवनेकडच्या एका पोराचं. नामदेवच्या गावाकडचं पोर. नाव वाचून दाखवलं तेव्हाच सगुणा काय टाकणार हे मला कळायला हवं होतं. रघुनाथरावांनी आणि मी, दोघांनीही स्वतंत्रपणे, पुण्याच्या गड्याच्या नावचा तांदूळ टाकला होता. कुस्तीत डोळे असणारा कोणीही तोच टाकता.

त्या दिवशी मी आखाड्याच्या कडेला बसलो होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा, ज्याच्यावर मी दाणा लावला तो हरावा अशी मनापासून इच्छा करत होतो. रघुनाथराव शेजारी. ते पुटपुटले, "तुमचं बाविसावं कलम लागू होईल का हो? आपण दोघंही चुकलो आणि तिचाही चुकला, तर कोणाचीच पालथी नाही." मी म्हणालो, कलमाप्रमाणे होय. पण ते तिने पुण्याचा लावला असेल तरच, आणि मग कोणीही जिंकलं तरी तिची वाटी सुलटीच. तिने पवनेचा लावला असेल तर मात्र पवनेच्या पोरानेच जिंकायला हवं. म्हणजे आमची सगळी भिस्त त्या पोरावर. हलगी वाजत होती. पोर चांगलं लढलं. सात-आठ मिनिटं टिकलं, एकदा तर पुण्याच्या गड्याच्या कमरेलाही भिडलं, आणि मग पाठीवर गेलं. लोक उठून नाचायला लागले. आम्ही दोघे बसूनच राहिलो.

गाडीने परत आलो तेव्हा अजून उजेड होता. खानावळीत नेहमीचे सगळे जमलेले. बाद झालेले पाचही जण आलेले. सगुणा स्वयंपाकघराच्या दारात, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभी. कोणीतरी निकाल सांगितलाच होता, आम्ही यायच्या आधी.

आक्कांनी हात धुतले, पदराला पुसले आणि फळीवरून वाट्या खाली घेतल्या. रघुनाथरावांची ताटली काढली. तांदूळ. माझी काढली. तांदूळ. मग नामदेवच्या वाटीवरची ताटली उचलली. मी त्यांच्या समोरच, दोन हातांवर, वही घेऊन बसलो होतो. वाटीच्या तळाशी डाळ होती. पिवळी, अगदी स्पष्ट.

आक्कांनी तो दाणा चिमटीत उचलला आणि तोंडात टाकला. चावल्याचा आवाज आला.

"तांदूळ," त्या म्हणाल्या.

रघुनाथराव आढ्याकडे बघत होते. बाकीचे आपापल्या हातांकडे. सगळ्यांच्या नजरा शेवटी माझ्यावर आल्या, कारण हरकत घेणारा तिथे एकच माणूस होता. मी वहीत लिहिलं: उरलेले, तीन. शाई नीट सुकेपर्यंत मान वर केली नाही. चोख माणसाने खोटं लिहिताना कसं वाटतं म्हणाल तर मला खूप बरं वाटलं.

वाटे घातले. सगुणेच्या वाट्याचा तांदूळ आक्कांनी तिच्या पदरात घातला. तिने तो तसाच नेला आणि शिजवायच्या पातेल्यात, मडक्याच्या तळाशी उरलेल्या तांदळात ओतला. सगळाच. आम्हाला वाटलं, आनंदाच्या भरात. रघुनाथरावांनी मग आपला वाटाही ओतला आणि मलाही ओतावा लागला. त्या वर्षीच्या रेशनात आम्ही सगळे पोट फुटेस्तोवर वासाचा भात जेवलो. सगुणेने वाढलं. आधी पालथ्या वाट्यांना, मग सुलट्या वाट्यांना. स्वतः मात्र ती सगळ्यांत शेवटी, आक्कांबरोबर जेवली.

मला भुसावळला बदली मिळाली आणि लोणावळा सुटला. लढाई संपली. सणासुदीला रघुनाथरावांचं पत्र यायचं, त्यात नामदेवबद्दल काही नसायचं. ते गुपित मी जपून ठेवलं होतं. कोणाजवळही, अगदी बायकोजवळही, बोललो नव्हतो. एखाद्या दिवशी सगुणेच्या कानावर गेलं तर तिचं काय होईल, अशी मला काळजी वाटायची.

दोनेक वर्षांनी पुण्याला लग्नासाठी जाताना वाटेत लोणावळ्याला उतरलो. खानावळ तीच, चूल तीच, चुलीशी सगुणा. तिचं कपाळ मोकळं होतं. तिने पाट मांडला आणि म्हणाली, "आक्का भायेर हाईत, अंगनात. पाय दुकत्यात, बसूनच असत्यात."

आक्का बाजेवर बसल्या होत्या. वाळल्या होत्या खूप. मला पाहून म्हणाल्या, "आलं का कायदेबाबू. पोट सुटलंय तुमचं." इकडचं तिकडचं झालं. फौजेचा दुसरा कागद आला होता म्हणाल्या, गेल्या साली, साफ लिहिलेला. सगुणेने तो शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतला, घरी आली, फळीवरची नामदेवची वाटी खाली घेतली, धुतली आणि पालथी घातली. कोणाला बोलावलं नाही.

मला राहवलं नाही. आजूबाजूला बघून, आवाज खाली आणून, मी म्हणालो, "आक्का, एक सांगतो. त्या दिवशी मी पाहिली होती. डाळ होती. पण तिला आजतागायत कळू दिलं नाही मी."

आक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना हसू आलं, खोकला येईपर्यंत हसल्या.

"आवं बाबू, तिनंच टाकलीती की ती डाळ. तिला कसं ठावं नसंल?"

इतकी साधी गोष्ट. बावीस कलमं लिहिणाऱ्या माझ्या डोक्यात ती इतक्या वर्षांत आली नव्हती. तिला निकाल कळला तेव्हाच सगळं कळलं होतं. म्हणून तर तिने तो तांदूळ पदरात ठेवला नाही.

"मग ती काही बोलली नाही?"

"जेवताना बोलली. म्हनली, आक्का, डाळ कच्ची खाल्ली, पोट दुकंल तुमचं."

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, "तिला ठाऊक होतं, आम्हा सगळ्यांना दिसलं होतं. मग खोटं बोललात ते कोणासाठी?"

"माज्यासाठी," आक्का म्हणाल्या. "माज्यानं पालथी करवंना."

जेवलो. सगुणेने आग्रह करून वाढलं. निघताना तिने मला दाराशी थांबवलं आणि अंगणाकडे मान करून हळूच म्हणाली, "बाज आत घ्या म्हनलं तर घेऊ देत न्हाईत. गाडी यायच्या येळंला त्यांना हितंच बसायचं असतं. मी काय बोलत न्हाई आता."

तेवढ्यात मुंबईकडची गाडी आली. आक्का दोन्ही हातांनी बाजेची कड धरून सरळ झाल्या. स्टेशनच्या रस्त्याने माणसं वर यायला लागली, बोचकी घेतलेली, टोपीवाली, दोन-तीन खाकी कपड्यातली. आक्का एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या, घाई न करता, एकही न सोडता. मी त्यांच्या पाया पडलो तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण नजर रस्त्यावरून काढली नाही.